हल-हाउसच्या जेन ॲडम्स

शाळेच्या पटावर नाव असणे आणि मूल वर्गात बसलेले असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या मंडळातील शिक्षिका-भगिनींना सांगावयास नको. नाव जूनमध्ये लागते. दिवाळीनंतर हजेरी विरळ होऊ लागते आणि पुढच्या जूनमध्ये ते मूल एखाद्या गॅरेजवर, नाहीतर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दारात उभे दिसते. पोर का आले नाही, हे शाळेला ठाऊक नसते. घराला ठाऊक असते, पण घराला कोणी विचारीत नाही. ह्या दोहोंमधला रस्ता जिने आयुष्यभर पायाखाली घातला अशा एका बाईची हकीगत ह्या स्मरणिकेसाठी लिहावी असे वाटले. बाई अमेरिकेतल्या, शहर शिकागो, आणि काळ सव्वाशे वर्षांपूर्वीचा. पण वाचताना आपल्याच पेठेतल्या चार घरांची आठवण झाली तर नवल नाही.

जेन ॲडम्स यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय राज्यातील सीडरव्हिल ह्या लहानशा गावी झाला. वडील जॉन ॲडम्स गिरणीचे मालक, राज्याच्या विधिमंडळाचे सभासद आणि अब्राहम लिंकन यांच्या स्नेह्यांपैकी एक. जेन दोन वर्षांची असतानाच आई वारली. पाठीच्या कण्याला लहानपणीच क्षयाची बाधा झाल्यामुळे पाठ थोडी वाकलेली राहिली आणि दुखणे जन्माचे सोबती झाले. आपण कुरूप आहोत, तेव्हा रविवारी प्रार्थनेहून परतताना लोकांनी आपल्याला वडिलांची मुलगी म्हणून ओळखू नये, अशी समजूत करून घेऊन ती मुलगी वडिलांपासून जरा दूर चालत असे. वडिलांवर मात्र तिची निस्सीम भक्ती होती.

१८८१ साली रॉकफर्ड येथील मुलींच्या विद्यालयातून त्यांचे शिक्षण पुरे झाले, आणि त्याच वर्षी वडील अचानक वारले. फिलाडेल्फियाला वैद्यकीच्या अभ्यासाला सुरुवात केली, तीही पाठीच्या दुखण्याने सुटली. पुढची सात-आठ वर्षे आजारपणात, युरोपच्या दोन प्रवासांत आणि काय करावे ह्या विवंचनेत गेली. शिकलेली, पैशाची ददात नसलेली, अविवाहित मुलगी. तिने चित्रे पाहावी, संगीत ऐकावे, घरच्यांची मने सांभाळावी, ह्यापलीकडे समाजाची तिच्याकडून काही अपेक्षा नव्हती. ह्या रिकामपणाचा त्यांना फार त्रास झाला. लंडनच्या पूर्व भागात शनिवारी रात्री उरलीसुरली, नासलेली भाजी लिलावात घेण्यासाठी उंचावलेले गरिबांचे हात त्यांनी पाहिले होते, ते डोळ्यांपुढून हलेनात. दुसऱ्या प्रवासात, १८८८ साली, त्यांनी त्याच भागातले टॉयन्बी हॉल पाहिले. विद्यापीठातली तरुण मंडळी गरिबांच्या वस्तीत जाऊन राहत आणि शेजारी म्हणून काम करीत, अशी ती संस्था होती. जे पाहिजे होते ते सापडले.

१८ सप्टेंबर १८८९ रोजी मैत्रीण एलन गेट्स स्टार यांच्यासह त्यांनी शिकागोच्या हॉलस्टेड रस्त्यावरील एका जुन्या हवेलीत बिऱ्हाड थाटले. चार्ल्स हल नावाच्या गृहस्थांनी १८५६ साली बांधलेले हे घर, म्हणून त्याचे नाव हल-हाउस. घर बांधले तेव्हा तो भाग शहराबाहेर होता. आता त्याच्या चहूबाजूंनी इटालियन, ग्रीक, बोहेमियन, पोलिश, रशियातून आलेले ज्यू, आयरिश, जर्मन अशी नाना देशांतून पोटासाठी आलेली माणसे दाटीवाटीने राहत होती. गल्ल्या कचऱ्याने भरलेल्या, लाकडी घरांत एकेका खोलीत एकेक कुटुंब, आणि घराघरांत कपडे शिवण्याचे ठेकेदारीचे काम. त्या वस्तीत शाळा होत्या, पण मुलांच्या मानाने जागा अपुऱ्या होत्या. तरीही त्या जागांसाठी झुंबड उडत नव्हती, कारण मुले दुसरीकडेच होती.

ती कोठे होती हे पहिल्याच नाताळात कळले. हल-हाउसमध्ये वस्तीतल्या मुलींना बोलावून त्यांच्यापुढे मिठाई ठेवली, तर कित्येक मुली ती हातात घेईनात. विचारपूस केली तेव्हा कळले की त्या मिठाईच्या कारखान्यात कामाला होत्या. नाताळची गर्दी म्हणून सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबून त्यांना मिठाईची शिसारी आली होती. त्याच हिवाळ्यात शेजारच्या एका कारखान्यात एकाच यंत्राने तीन पोरे जखमी झाली, त्यांपैकी एक दगावला. थोड्याशा खर्चात त्या यंत्राला आडोसा बसवता आला असता. मालकाला हे समजताच तो हळहळेल आणि लगेच आडोसा बसवील, अशी ॲडम्सबाईंची भाबडी खात्री होती. प्रत्यक्षात अपघात झाल्यास भरपाई मागणार नाही अशा कागदावर आईबापांच्या सह्या आधीच घेऊन ठेवलेल्या निघाल्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ह्या मुलांचे आईबाप दुष्ट नव्हते. आपापल्या देशात शेतावर, मेंढरांमागे त्यांनी स्वतः पाच-सहा वर्षांच्या वयापासून काम केले होते. मुलाने घराला हातभार लावावा ह्यात त्यांना वावगे काही दिसत नव्हते. मोकळ्या रानात आईबापांच्या संगतीने केलेले काम आणि कोंदट कारखान्यात चौदा तास केलेले काम ह्यांतला फरक त्यांना कोणी समजावून सांगितला नव्हता. ॲडम्सबाईंनी ह्या माणसांना दोष देण्याची घाई केली नाही. सुशिक्षित स्त्रिया गरिबांत काम करायला जातात तेव्हा ही घाई फार होते, असे माझे निरीक्षण आहे.

पहिले काम त्यांनी हाती घेतले ते अगदी घरगुती. शेजारणी कामावर जात तेव्हा तान्ही व लहान मुले घरात कोंडून ठेवीत. पहिल्या उन्हाळ्यात हल-हाउसकडे अशी तीन मुले आली: एक तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पडलेले, एक भाजलेले, आणि तिसऱ्याची पाठ वाकडी झालेली, कारण तीन वर्षे ते दिवसभर टेबलाच्या पायाला बांधलेले असे. ज्या घरात मुले कोंडलेली नसत, तेथे मोठी बहीण त्यांना सांभाळी, म्हणजे तिची शाळा सुटलेली असे. हल-हाउसमध्ये बालवर्ग व पाळणाघर सुरू झाले त्याचा लाभ म्हणूनच धाकट्यांइतकाच थोरल्यांना झाला. मुलीची शाळा टिकवायची तर तिच्या कडेवरचे मूल आधी उतरवून घ्यावे लागते. हा हिशेब आपल्याकडे बालवाड्या काढणाऱ्या बायकांना कोणी शिकवावा लागला नाही, आणि तो शिकागोतही असाच घराघरांतून कळला.

आता कायद्याकडे वळू. इलिनॉयमध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १८८३ पासून होता. आठ ते चौदा वर्षांच्या मुलाने वर्षातून किमान बारा आठवडे शाळेत जावे असे त्यात म्हटले होते. कागदावर कायदा आणि कारखान्यात मूल, अशी स्थिती होती. १८९१ च्या अखेरीस फ्लॉरेन्स केली ह्या विदुषी आपल्या तीन मुलांच्या चिंतेसह हल-हाउसमध्ये राहावयास आल्या. त्यांनी घरोघर फिरून शिवणकामाच्या ठेकेदारीची व बालमजुरीची पाहणी केली. हल-हाउसच्या बाया, कामगार संघटना आणि शहरातील स्त्रियांचे क्लब ह्या सर्वांनी जोर लावल्यावर १८९३ साली कायदा झाला: चौदा वर्षांखालील मुलास कारखान्यात ठेवू नये, सोळापर्यंतच्या मुलाच्या वयाचा दाखला असावा, स्त्रियांना आठ तासांपेक्षा जास्त काम नसावे. गव्हर्नर अल्टगेल्ड यांनी केलीबाईंनाच मुख्य कारखाना-निरीक्षक नेमले. आठ तासांचे कलम राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने १८९५ साली रद्द केले. मुलांविषयीची कलमे टिकली.

पण एक नवेच कोडे उभे राहिले. निरीक्षक मुलाला कारखान्यातून बाहेर काढीत, आणि ते मूल शाळेत न जाता रस्त्यावर जाई, किंवा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कारखान्यात सापडे. कारखाने एका खात्याकडे, शाळा दुसऱ्या मंडळाकडे, रस्त्यावरचे पोर पोलिसांकडे. आणि तिघांची एकमेकांशी बोलाचाली नाही. प्रत्येकाने आपले काम चोख केले, असे कागदोपत्री दाखवता येई. मूल मात्र तिघांच्या मधल्या फटीतून खाली पडे. ॲडम्सबाईंच्या पुढच्या वीस वर्षांच्या कामाचे मर्म माझ्या मते येथे आहे. त्यांनी नवी शाळा काढली नाही. जी खाती, ज्या संस्था आधीच होत्या त्यांना एकमेकींच्या दारात नेऊन बसविले.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण बालन्यायालयाचे. त्या काळी शाळा चुकवून भटकणारे, कोळसा उचलणारे दहा-बारा वर्षांचे पोर पकडले गेले की मोठ्या गुन्हेगारांबरोबर कोठडीत जाई. शिकागो वुमन्स क्लबच्या लुसी फ्लॉवर, हल-हाउसच्या ज्युलिया लेथ्रॉप आणि शहरातील वकिलांची संघटना यांनी मिळून मसुदा केला, आणि १८९९ च्या जुलैत शिकागोत जगातील पहिले बालन्यायालय सुरू झाले. मुलाला शिक्षा देण्याऐवजी त्याच्या घरी जाऊन चौकशी करणारा, त्याला शाळेत परत नेऊन बसविणारा परिवीक्षा-अधिकारी ही ह्या न्यायालयाची खरी ताकद. पण कायद्याने असा अधिकारी नेमण्याची परवानगी दिली होती, पगाराची तरतूद एका पैचीही नव्हती! तेव्हा स्त्रियांच्या क्लबांनी समिती करून वर्गणी गोळा केली आणि पगार दिले. पहिल्या अधिकारी हल-हाउसमध्ये राहणाऱ्या अल्झिना स्टीव्हन्स होत्या. त्या स्वतः लहान वयात कापडगिरणीत कामाला लागल्या होत्या आणि यंत्रात त्यांचे एक बोट गेलेले होते. काही वर्षांनी हे पगार सरकारी तिजोरीतून मिळू लागले. न्यायालयाची स्वतंत्र इमारत १९०७ साली झाली, तीही हल-हाउसच्या जवळजवळ समोरच.

क्लब म्हणजे काय, तर आपल्यासारखेच मंडळ. दुपारी घरचे आवरून जमणाऱ्या, निबंध वाचणाऱ्या, चहा घेणाऱ्या बायका. त्यांना लोक हसत नसतील असे समजू नये.

ॲडम्सबाई काम करण्यात किती पुढे होत्या ह्याचा एक नमुना देते, मग शाळेकडे परत येते. वस्तीतील कचरा उचलला जात नसे आणि बालमृत्यू भयंकर होते. १८९५ साली त्यांनी ह्या कामाचा ठेकाच मागितला. तो मिळाला नाही, पण त्यांना वॉर्डाच्या कचरा-निरीक्षक नेमण्यात आले, वार्षिक पगार एक हजार डॉलर. पहाटे सहाला गाडीमागून जाऊन ती कचरा खरोखर कोठे टाकते हे पाहणाऱ्या ह्या बाईंची साऱ्या शहरात चर्चा झाली. एका गल्लीतला थर खणून काढला तेव्हा अठरा इंचांखाली जुनी फरसबंदी सापडली!

१९०३ साली कायदा अधिक कडक झाला: सोळा वर्षांखालील मुलांना दिवसाला आठ तासांवर काम नाही, संध्याकाळी सातनंतर नाही. ह्याला काचकारखान्यांच्या मालकांनी कसून विरोध केला. पण मालकांपेक्षा अवघड प्रश्न विधवांचा होता. नवरा गेलेली बाई, चार मुले, आणि थोरल्याची मजुरी बंद. तिला कायदा सांगून काय होणार? ह्या प्रश्नाला उत्तर मिळायला १९११ साल उजाडावे लागले. त्या वर्षी इलिनॉय राज्याने निराधार मातांना सरकारी निधीतून साहाय्य देण्याचा कायदा केला. साऱ्या राज्यासाठी असा कायदा करणारे हे अमेरिकेतील पहिले राज्य. अर्जांची तपासणी बालन्यायालयाकडेच सोपविलेली होती. आईच्या हातात पैसे पडल्याखेरीज मुलाच्या हातात पाटी राहत नाही, हे ज्यांनी घरे पाहिली होती त्यांना उमगले होते.

तरीही गरिबी हे एकच कारण नव्हते. हेलन टॉड नावाच्या कारखाना-निरीक्षक बाईंनी १९०९ साली शिकागोतील कारखान्यांमधल्या ५०० मुलांना एक साधा प्रश्न विचारला: वडिलांना चांगली नोकरी असती आणि तुला काम करावे लागले नसते, तर तू शाळेत गेला असतास की कारखान्यात? ४१२ मुलांनी कारखाना पसंत केला. कारणे काय, तर शाळेत मारतात, भाषा कळत नाही म्हणून हसतात, शिकवलेले समजत नाही. हा आकडा वाचून शिक्षणाबद्दल भाषणे करणाऱ्यांनी घटकाभर गप्प बसावे.

ॲडम्सबाईंना ही गोष्ट पूर्वीच जाणवली होती. शाळा परक्या देशातून आलेल्या मुलाला वाचायला शिकवते, पण त्याच्या घराला तुच्छ लेखायलाही शिकवते, आणि मग ते मूल ना घरचे राहते ना शाळेचे. ह्यावर त्यांनी १९०० साली हल-हाउसमध्ये श्रमांचे संग्रहालय काढले. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका तेथे आपापल्या देशच्या पद्धतीने सूत कातून, विणून दाखवीत. एक इटालियन मुलगी स्वयंपाकाच्या वर्गाला येई. आई डोक्याला रुमाल बांधते, तोकडे परकर घालते, म्हणून तिला लाज वाटे. दोघी एकाच वेळी येत, पण दारे वेगवेगळी. एके दिवशी आईच्या चातीवरच्या कताईभोवती मोठमोठी माणसे कौतुकाने उभी असलेली तिने पाहिली आणि त्या सुताची थोरवी ऐकली. त्यानंतर मायलेकी एकाच दाराने येऊ लागल्या. नऊवारीतल्या आईला शाळेच्या पालकसभेला येऊ नकोस म्हणणारी लेक आपण पाहिलेली नाही काय?

प्रसिद्ध शिक्षणशास्त्रज्ञ जॉन ड्युई त्या वेळी शिकागो विद्यापीठात होते व हल-हाउसच्या विश्वस्तांपैकी एक होते. येथे जे पाहिले त्याचा त्यांच्या विचारांवर ठसा उमटला. पुढे हेच ड्युई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू झाले, एवढे जाता जाता नमूद करते.

१९०५ साली शिकागोच्या महापौरांनी ॲडम्सबाईंना शहराच्या शिक्षण मंडळावर नेमले. हे प्रकरण त्यांना फारसे लाभले नाही. शिक्षिकांची संघटना पगारासाठी व हक्कांसाठी झगडत होती. तिला वाटले, बाई आपल्या बाजूने ठाम उभ्या राहतील. त्या मध्यममार्ग शोधीत राहिल्या आणि दोन्ही बाजूंचा रोष पत्करून १९०८ साली मुदत संपताच बाहेर पडल्या. सर्वांना एकत्र बसविण्याची हातोटी नेहमीच गुण ठरत नाही. कधी कधी एका बाजूला उभे राहणेच योग्य असते, आणि शिक्षिकांच्या बाबतीत तसे झाले असते तर बरे झाले असते, असे मला वाटते. पण लगेच १९०९ साली एला फ्लॅग यंग ह्या अनुभवी शिक्षिका शिकागोच्या सर्व शाळांच्या प्रमुख झाल्या. एवढ्या मोठ्या शहराच्या शाळांची सूत्रे अमेरिकेत प्रथमच एका स्त्रीच्या हाती आली होती.

ह्याच सुमारास हल-हाउसमध्ये राहणाऱ्या सोफोनिस्बा ब्रेकिनरिज व एडिथ ॲबट ह्या दोघी विदुषींनी चौदा वर्षे पुरी होताच शाळा सोडणाऱ्या मुलांचा माग काढण्यास आरंभ केला. कायद्याने कामाचा परवाना मिळे, पण ह्या वयाच्या मुलाला धड काम कोठेच नव्हते; आज येथे, उद्या तेथे, आणि शेवटी रस्त्यावर. तेव्हा स्त्रियांच्या क्लबांनी संयुक्त समिती नेमून खर्च उचलला. परवाना मागायला आलेल्या मुलाशी बोलावे, शक्यतो त्याला शाळेतच राहण्यास वळवावे, घरची अडचण असेल तर साहाय्य पाहावे, आणि अगदीच इलाज नसेल तर बरे काम शोधून द्यावे, अशी ही व्यवस्था. काही वर्षे क्लबांनी चालविल्यावर ती शिक्षण मंडळाने आपल्याकडे घेतली. ब्रेकिनरिज व ॲबट यांनी शाळा चुकविणाऱ्या मुलांवर लिहिलेला मोठा ग्रंथ १९१७ साली प्रसिद्ध झाला. हजेरीपटावरच्या गैरहजेरीमागे आजारपण, जोडे नसणे, धाकटी भावंडे, आईचे बाळंतपण अशी खरी कारणे कशी दडलेली असतात, हे त्यांनी घरोघर जाऊन दाखविले. आपल्याकडे २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा आहे, पण त्याचा हात चौदाव्या वर्षापर्यंतच पोहोचतो. त्यानंतरचा उंबरठा आजही तितकाच निसरडा आहे.

ॲडम्सबाईंची पुढची कीर्ती शांततेच्या कार्याची. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, हेग येथे भरलेल्या स्त्रियांच्या शांतता परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. अमेरिका युद्धात उतरल्यावरही त्यांनी मत बदलले नाही. कालपर्यंत संत म्हणून गौरविणाऱ्या वर्तमानपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरविले. काही संस्थांनी त्यांचे नाव सभासदांतून काढून टाकले. १९२३ सालच्या जगप्रवासात त्या हिंदुस्थानातही येऊन गेल्या. १९३१ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हा प्रकृतीमुळे त्या ते घ्यायला जाऊ शकल्या नाहीत.

२१ मे १९३५ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. हल-हाउसमध्ये त्यांचा देह ठेवला होता, आणि अंत्यदर्शनासाठी हजारो लोक रांगेने येऊन गेले. त्यांत एकेकाळी तेथल्या बालवर्गात बसलेले, आता स्वतःच बाप झालेले कितीतरी असणार. सीडरव्हिलला वडिलांच्या शेजारी त्यांना पुरले.

हल-हाउसच्या इमारती वाढत वाढत तेरा झाल्या होत्या. विद्यापीठाच्या विस्तारासाठी १९६० नंतरच्या वर्षांत त्यांतील बहुतेक पाडण्यात आल्या. संस्थेचे काम शहराच्या निरनिराळ्या भागांत विखरून चालू राहिले, आणि २०१२ च्या जानेवारीत पैशाअभावी तेही बंद पडले. हलसाहेबांचे मूळ घर व भोजनगृह मात्र राखले आहे. तेथे १९६७ पासून संग्रहालय आहे.